मुलाम्याचे बारा आणे

वकिलीत करारनामे वाचणे हे आमचे रोजचे काम. भाडेपट्टा असो, साठेखत असो की नोकरीचा बाँड असो. कुणी काय दिले आणि त्याच्या बदल्यात काय लिहून घेतले, एवढे पाहिले की दोघांत बळी कोण आणि बळकट कोण हे कळायला वेळ लागत नाही. असाच एक करारनामा ८ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. लिहून घेणारी होती शार्लट ऑसगुड मेसन, पार्क अव्हेन्यूवर राहणारी धनाढ्य गोरी विधवा. लिहून देणारी होती झोरा नील हर्स्टन, गुलामांच्या वंशातली काळी लेखिका. बाईंनी झोराला दरमहा २०० डॉलर, एक मोटार आणि चित्रीकरणाचा कॅमेरा द्यायचा. झोराने दक्षिणेत गावोगाव फिरून आपल्या लोकांच्या कथा, गाणी, म्हणी, खेळ आणि मंत्रतंत्र गोळा करायचे. येथपर्यंत सारे ठीक. पण पुढचे कलम असे, की जे जमेल ते सर्व बाईंच्या मालकीचे. त्यांच्या परवानगीशिवाय झोराने ते छापायचे नाही, कुणाला दाखवायचे नाही.

म्हणजे आजीच्या तोंडची गोष्ट नातीने ऐकायची, नातीने लिहायची आणि मालकी मात्र पार्क अव्हेन्यूवरच्या बंगल्याची! ज्यांच्या देहावर एके काळी मालकी होती, त्यांच्या कथांवरची ही मालकी होती. झोराने सही केली. का केली, हे समजून घ्यायचे तर तिचे सगळे आयुष्य पाहावे लागते.

अमेरिकेतल्या १९२० ते १९४० या काळाची ओळख आपल्याकडच्या महाविद्यालयांत ठरावीक पुस्तकांवरून करून दिली जाते. तेजीचा काळ म्हटला की फिट्झगेराल्डची १९२५ सालची 'द ग्रेट गॅट्सबी', मंदीचा काळ म्हटला की स्टाइनबेकची १९३९ सालची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'. दोन्ही मोठी पुस्तके, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या दारात तेजी कधी आलीच नाही आणि मंदी मात्र सर्वांआधी आली, त्यांची गोष्ट कुणी लिहिली? ती लिहिणाऱ्यांत झोराचे नाव फार वरचे आहे.

झोराचा जन्म ७ जानेवारी १८९१ रोजी अलाबामा राज्यातल्या नोटासल्गा गावी झाला. ती लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडातल्या ईटनव्हिल येथे आले. हे गाव साधे नव्हते. १८८७ साली काळ्या लोकांनी कायदेशीर नोंद करून वसवलेली ती स्वतःची नगरपालिका होती. महापौर काळा, शिपाई काळा, दुकानदार काळा. झोराचे वडील जॉन हर्स्टन सुतारकाम करीत, चर्चमध्ये प्रवचन करीत आणि पुढे त्या गावाचे महापौरही झाले. गोऱ्याच्या नजरेखाली न वावरता वाढलेले हे बालपण तिची खरी शिदोरी ठरले. पुढे तिच्या लेखनात जो ताठ कणा दिसतो, त्याचे मूळ या गावात आहे.

१९०४ साली आई वारली आणि घर मोडले. वडिलांनी लवकरच दुसरे लग्न केले. झोराला जॅक्सनव्हिलच्या शाळेत धाडले, पण फी येणे बंद झाले. शाळेतले जिने पुसून तिने दिवस काढले. पुढची कितीतरी वर्षे लोकांच्या घरची मोलकरीण, फिरत्या नाटक कंपनीतल्या गायिकेची दासी, अशी कामे तिने केली. १९१७ साली ती बाल्टिमोरला पोहोचली तेव्हा २६ वर्षांची होती. मोफत सरकारी शिक्षण वीस वर्षांखालच्यांना मिळत होते. झोराने सांगितले, माझा जन्म १९०१ चा. वय दहा वर्षांनी उतरवून ती सोळा वर्षांची मुलगी म्हणून वर्गात बसली! कायद्याच्या भाषेत हे खोटे निवेदन. पण ज्या समाजव्यवस्थेने एका हुशार मुलीची दहा वर्षे भांडी घासण्यात घालवली, तिच्यावर कोणते कलम लावायचे? झोराने चोरलेली दहा वर्षे तिचीच होती, असे आम्ही म्हणतो.

पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकताना तिने केशकर्तनालयात गोऱ्या गिऱ्हाइकांची नखे कोरली. तिची पहिली कथा १९२१ साली तिथल्याच नियतकालिकात आली. जानेवारी १९२५ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. तिच्याच सांगण्यानुसार जवळ होता दीड डॉलर. नोकरी नाही, ओळखपाळख नाही.

ते तेजीचे दिवस होते. पहिल्या महायुद्धात युरोप कंगाल झाला आणि अमेरिका सावकार बनली. मोटारी, रेडिओ, शेअर, सारे हप्त्यावर आणि उसनवारीवर उधळले जात होते. दक्षिणेतला जमावी हिंसाचार आणि कापसाच्या शेतीची दैना यांना कंटाळून लाखो काळी माणसे उत्तरेकडच्या शहरांत येत होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांची मोठी वस्ती झाली आणि तेथे कवी, कथाकार, चित्रकार, वादक यांची एक पिढी उभी राहिली. हेच ते हार्लेमचे प्रबोधन. पण त्याचा आर्थिक पाया पाहा. प्रकाशक बहुतेक गोरे. बक्षिसाच्या रकमा श्रीमंत देणगीदारांच्या. हार्लेममधल्याच कॉटन क्लबात नाचणारे आणि वाजवणारे काळे, टेबलावर बसून पाहणारे मात्र फक्त गोरे. शेअरबाजारात पैसा फुगला होता, म्हणून काळ्यांची कला 'फॅशन' झाली होती.

मे १९२५ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाच्या स्पर्धेत झोराच्या कथेला आणि नाटकाला दुसऱ्या क्रमांकाची बक्षिसे मिळाली. त्याच समारंभातल्या ओळखीतून बार्नार्ड या मुलींच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. बार्नार्ड म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे भावंड. मध्ये फक्त ब्रॉडवेचा रस्ता. तेथे ती एकटीच काळी विद्यार्थिनी होती. १९२८ साली वयाच्या ३७ व्या वर्षी ती पदवीधर झाली.

येथे आम्हाला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. झोराचे गुरू फ्रान्झ बोआस यांनी वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत शास्त्राच्या आधारे खोडून काढला. त्यांच्यासाठी झोरा १९२६ साली हार्लेमच्या रस्त्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी मोजपट्टीने मोजत होती; काळ्यांची कवटी कमअस्सल असते हे थोतांड मोडण्यासाठी! याच बोआस यांचे शिष्य डॉ. गोल्डनवायझर. आणि त्यांच्याच परिसंवादात ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले, झोरा १९२५ साली आली. भेट झाली नाही. पण जन्मावरून उच्चनीच ठरत नाही हे शास्त्राने सिद्ध करणारी ती एकच शाळा होती.

आणि करारही दोघांनी केले. बाबासाहेबांनी १९१३ साली बडोदा संस्थानाला लिहून दिले की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन. कठीण करार होता. बडोद्यात १९१७ साली अस्पृश्यतेचे जे चटके बसले त्यामुळे ती नोकरी टिकली नाही, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. पण त्या करारात बाबासाहेबांची सेवा बांधली होती, त्यांची लेखणी बांधली नव्हती. झोराच्या करारात नेमकी लेखणी बांधली होती. हा फरक लहान नाही.

करारापूर्वी १९२७ साली झोरा फ्लोरिडात एक फेरी मारून आली होती, ती फसली. बार्नार्डच्या शुद्ध इंग्रजीत ती लोकांना गाणी विचारू लागली आणि लोकांनी तोंडे मिटली. दुसऱ्या फेरीत मात्र ती शहाणी झाली होती. पोक काउंटीतल्या लाकूड गिरणीच्या वस्तीत तिची चकचकीत मोटार पाहून मजुरांना ती सरकारी हेर वाटली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. झोराने सांगून टाकले, मी चोरटी दारू विकणारी आहे, पोलिसांपासून पळते आहे. झाले! माणसे मोकळी झाली. भर रात्री शेकोटीभोवती मालकाला फसवणाऱ्या गुलामाच्या गोष्टी निघू लागल्या. त्या वह्या भरत गेल्या. आणि प्रत्येक महिन्याला हिशेब पार्क अव्हेन्यूला जात राहिला. जोडा फाटला तरी नवा घेण्यासाठी मेसनबाईंना पत्र लिहून कारण द्यावे लागे. बाईंचा हट्ट असा, की तिला सर्वांनी 'गॉडमदर' म्हणावे.

अलाबामात झोराला कजो लुईस भेटले. गुलामांची आयात १८०८ पासून कायद्याने बंद असताना १८६० साली 'क्लोटिल्डा' जहाजातून चोरून आणलेल्या आफ्रिकनांपैकी ते एक. त्यांच्यावरचा तिचा पहिला लेख दुसऱ्याच्या पुस्तकातून बराचसा उचललेला होता, हा तिच्या नावावरचा डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण नंतर तिने पुन्हा जाऊन त्या वृद्धाची सारी कहाणी त्याच्याच बोलीत लिहून काढली. १९३१ साली पुस्तक तयार झाले. प्रकाशकाला बोलीऐवजी प्रमाण भाषा हवी होती, झोरा ऐकेना. 'बाराकून' हे पुस्तक छापून आले २०१८ साली. तब्बल ८७ वर्षांनी! बोलीसाठी लेखिकेने केवढी किंमत मोजली, हे यावरून कळेल.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखान्यांना टाळी लागली. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या चार माणसांमागे एक बेकार झाला. काळ्यांची अवस्था त्याहून वाईट. मोलमजुरीची जी कामे कालपर्यंत काळ्यांची म्हणून गोरे शिवत नव्हते, त्या कामांसाठीही आता गोरे रांगेत उभे राहिले. हार्लेमची फॅशनही ओसरली. मार्च १९३१ मध्ये झोराचा करार संपला, त्यानंतर थोडीफार मदत येत राहिली आणि १९३२ साली तीही आटली. जानेवारी १९३२ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर मजुरांच्या गाण्यांचा प्रयोग केला. त्यासाठीही मेसनबाईंचे कर्ज काढावे लागले. शेवटी ती फ्लोरिडाला परतली.

आता पाहा, ज्या वेळी हातात काही उरले नाही त्याच वेळी तिची लेखणी मोकळी झाली. ऑगस्ट १९३३ मध्ये 'स्टोरी' मासिकात तिची 'द गिल्डेड सिक्स-बिट्स' ही कथा आली. अमेरिकन बोलीत सहा बिट म्हणजे पाऊण डॉलर. आपल्याकडे बारा आणे म्हणत तसे. ईटनव्हिलमधले तरुण जोडपे, जो आणि मिसी मे. जो खताच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दर शनिवारी पगाराचे चांदीचे डॉलर खेळाखेळात दारातून आत फेकतो. गावात शिकागोकडचा एक बडेजावी माणूस येतो. टायपिनीला सोन्याचे नाणे, घड्याळाच्या साखळीला सोन्याचे नाणे. त्या सोन्यापायी मिसी मेचा पाय घसरतो. आणि शेवटी कळते की ती नाणी सोन्याची नव्हेतच. अर्धा आणि पाव डॉलरला मुलामा दिलेला. एकूण किंमत बारा आणे! जो पुढे बायकोला क्षमा करतो आणि चांदीचे डॉलर पुन्हा दारात वाजतात. मात्र कथेच्या शेवटी दुकानातला गोरा कारकून मनाशी म्हणतो, या काळ्यांचे बरे आहे, यांना कसली चिंताच नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडची सोन्याची नाणी सरकारजमा करायला लावली होती. तेजीच्या साऱ्या दशकाचा मुलामा उडालेला होता. झोराने शेअरबाजाराचे नावही न घेता ते दशक एका झोपडीत मांडून दाखवले. मंदीवरच्या साहित्यात ही कथा आम्हाला फार मोलाची वाटते.

ही कथा वाचून लिपिनकॉट प्रकाशन संस्थेने विचारले, कादंबरी आहे का? झोराने हो म्हणून कळवले आणि मग लिहायला बसली. सॅनफर्ड गावात आठवड्याला दीड डॉलर भाड्याची खोली. किराण्यासाठी एका नातलगाकडून आठवड्याला अर्धा डॉलर उसना. हस्तलिखित पोस्टात टाकायलाही पैसे उसनेच. १६ ऑक्टोबर १९३३ रोजी १८ डॉलर भाडे थकले म्हणून घरमालकिणीने तिला बाहेर काढले, आणि त्याच दिवशी कादंबरी स्वीकारल्याची तार आली. आगाऊ रक्कम २०० डॉलर. मेसनबाई महिन्याला जेवढे देत तेवढेच. पण या वेळी पुस्तकावर नाव झोराचे आणि हक्कही झोराचा.

१९३४ ते १९३९ या मंदीच्या वर्षांत तिची पाच पुस्तके आली. १९३७ सालची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही त्यांतली सर्वश्रेष्ठ. हैतीमध्ये सात आठवड्यांत लिहिलेली. जेनी नावाची काळी स्त्री तीन संसार करते आणि अखेर स्वतःच्या आवाजात बोलायला शिकते. कादंबरीत सप्टेंबर १९२८ चे ओकिचोबी सरोवराचे वादळ आहे. बांध फुटला आणि अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. बहुसंख्य काळे शेतमजूर. वेस्ट पाम बीच येथे गोऱ्यांची प्रेते पेट्यांत घालून दफनभूमीत गेली आणि ६७४ काळ्यांची प्रेते एका सामाईक खड्ड्यात, खुणेच्या दगडाविना. झोराने कादंबरीत हा प्रसंग लिहिला आहे. बंदुकीच्या धाकाने माणसांना प्रेते उचलायला लावले जाते आणि कुजलेल्या प्रेताचा रंग तपासून पेटी कुणाला द्यायची ते ठरते. मेल्यावरही भेद! आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तरीही रिचर्ड राइट या तडफदार काळ्या लेखकाने या कादंबरीवर कडाडून टीका केली. तिच्यात आशय नाही, गोऱ्यांना हसवण्यासाठी ती लिहिली आहे, असा त्याचा आरोप. राइटचा राग आम्हाला कळतो. लढ्याच्या काळात लेखणीने शस्त्र व्हावे ही अपेक्षा चूक नाही. पण काळ्या माणसाचे जगणे म्हणजे केवळ गोऱ्याने दिलेली जखम, एवढेच मानले तर माणूस पुन्हा गोऱ्यानेच व्यापला जातो. झोराची माणसे हसतात, भांडतात, प्रेम करतात. आणि त्यांचे हसणे न कळणारा गोरा कारकूनही तिने लिहून ठेवला आहे. राइटने तो कारकून पुन्हा एकदा वाचायला हवा होता.

मंदीत रूझवेल्ट सरकारने बेकार लेखकांसाठी योजना काढली. १९३८ साली झोरा फ्लोरिडाच्या केंद्रात रुजू झाली. तिच्याइतकी पुस्तके नावावर असलेले तेथे कुणी नव्हते; तरी तिला मदतीस पात्र गरजू म्हणून खालच्या श्रेणीत घेतले आणि वरच्या खुर्च्यांवर गोरे बसले. टर्पेंटाइनच्या जंगलात कर्जाने बांधलेल्या मजुरांची गाणी आणि हकीकती तिने याच नोकरीत टिपल्या.

पुढची वीस वर्षे उताराची. १९४८ साली तिच्यावर एका मुलाच्या संदर्भात घाणेरडा आरोप झाला. आरोपातल्या काळात ती देशाबाहेर होंडुरासमध्ये होती हे पारपत्राने सिद्ध झाले आणि खटला निकाली निघाला. पण त्याआधी काळ्यांच्याच एका वृत्तपत्राने तिची लक्तरे पहिल्या पानावर टांगली होती. १९५० साली ती मायामीत मोलकरणीचे काम करताना आढळली. आणि १९५५ साली तिने शाळांतली वर्णविभागणी रद्द करणाऱ्या ब्राऊन निकालाविरुद्ध पत्र लिहिले. काळ्यांच्या शाळा हीन नाहीत, गोऱ्यांच्या शेजारी बसण्यात मोठेपणा नाही, हा तिचा युक्तिवाद. ईटनव्हिलच्या मुलीचा स्वाभिमान त्यात आहे, पण युक्तिवाद चुकीचा आहे हे आम्ही स्पष्ट सांगतो. प्रश्न शेजारी बसण्याचा नव्हता. सार्वजनिक पैशांवरच्या समान हक्काचा होता. मोठ्या माणसाची चूक चूक म्हणावी आणि तेवढ्यासाठी त्याचे सारे काम बुडवू नये. तिच्या समाजाने ते बुडू दिले.

कोणत्याही पुस्तकावर तिला मिळालेले सर्वांत मोठे मानधन होते ९४३ डॉलर ७५ सेंट. २८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पिअर्सच्या सरकारी अनाथगृहवजा आश्रमात ती वारली. वर्गणी काढून दफन झाले. दगड बसवायला पैसे उरले नाहीत. त्यानंतर तिचे सामान अंगणात पेटवण्यात आले. योगायोगाने पॅट्रिक डुव्हल हा काळा पोलीस अधिकारी तेथून जात होता. त्याने पाण्याचा पाइप घेऊन आग विझवली. त्याने वाचवलेली, कडा जळालेली पाने आज फ्लोरिडा विद्यापीठात जपून ठेवली आहेत. १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर यांनी गवतात तिची कबर शोधली आणि दगड बसवला. त्यावर जन्मसाल कोरले आहे १९०१. शाळेसाठी केलेली ती लबाडी तिच्या उशाशी कायम राहिली.

तेजीत तिला शेठाणीने पोसले आणि वह्यांवर हक्क सांगितला. मंदीत सरकारने पोसले आणि खालच्या पायरीवर बसवले. ज्यांच्यासाठी लिहिले त्या समाजाने मात्र वर्गणी काढली ती थेट दफनासाठी. झोराच्या आयुष्याचा हा हिशेब आम्हाला झोपू देत नाही. कारण आमच्या परिचयातल्या एका वृद्ध जलसाकाराच्या वह्या तो गेल्यावर महिन्याभरात रद्दीत गेल्या. आम्ही चौकशीला पोहोचलो तेव्हा किलोचा भाव ठरून गेलेला होता. तो जिवंत असताना त्याच्या घरी जाऊन त्या वह्या मागायला आम्हाला सवड झाली नव्हती, हा दोष आमचा.

म्हणून एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीत लिहिणारा, गाणारा जो कुणी असेल त्याच्याकडे या महिन्यातच जा. वह्यांच्या प्रती काढा, तारीख आणि नाव घाला, सुरक्षित जागी ठेवा. त्याचे पुस्तक फुकट मागू नका, विकत घ्या. आणि कुणी पैसे देऊन त्याच्याकडून कागदावर सही मागत असेल, तर सही करण्यापूर्वी तो कागद आपल्या माणसाला वाचायला द्या. विझवायला डुव्हल दर वेळी वेळेवर येतोच असे नाही.